मार न लागता मोडणारं हाड

'हाड मोडलं' म्हटलं की आपले प्रश्न ठरलेले : कुठे पडलात? कुणी मारलं? पण चेहऱ्यात एक हाड असं आहे, जे यातलं काहीही न होता, नुसतं जोरात नाक शिंकरल्याने मोडू शकतं. प्रकार दुर्मीळ आहे. पण वैद्यकीय नियतकालिकांत त्याच्या नोंदी आहेत.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. त्यांतला एथमॉइड सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधल्या भिंतीचं लॅटिन नाव 'लॅमिना पापिरेशिया', म्हणजे कागदासारखा पापुद्रा. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

आता दाब बघा. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाकातला दाब मोजला होता. शिंकताना, खोकताना तो सरासरी 5 ते 7 मिलिमीटर पारा भरला. शिंकरताना 66! दोन्ही नाकपुड्या दाबून धरल्या, की हा दाब आतच अडकतो आणि कधीतरी पापुद्रा फुटतो.

आपली भिवंडी यंत्रमागांची. सुताच्या धुळीत दिवस काढला की नाक चोंदतं, मग माणूस रुमाल लावून सगळा जोर काढतो. धूळ हाड मोडत नाही. मोडतो तो जोर. हाड आधीच पोखरलेलं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. 2021 मध्ये कोविडनंतर आपल्याकडे काळी बुरशी आली, तेव्हा अनेक मधुमेहींच्या सायनसचं हाडच कुजलं. तिथे तर जोराचीही गरज नव्हती.

ओळखायचं कसं? शिंकरल्याबरोबर डोळ्याभोवती सूज येते, बोटाने दाबलं की कातडीखाली करकर लागते, कधी एकाचे दोन दिसतात. लोकांना वाटतं ॲलर्जी आहे, आणि ते पुन्हा शिंकरतात. धोका इथेच आहे! दर वेळी आणखी हवा खोबणीत शिरते. ती बाहेर पडली नाही, तर डोळ्याच्या नसेवर दाब येऊन नजर जाऊ शकते.

म्हणून अशी सूज दिसली की शिंकरणं बंद, आणि डॉक्टरांकडे जायचं. सीटी स्कॅनमध्ये मोड दिसतो. बहुतेकांची हवा काही दिवसांत आपोआप जिरते, ऑपरेशन लागत नाही. पण नजर अंधुक झाली किंवा डोळा ठणकू लागला, तर सकाळची वाट बघू नका.

एरवी एका वेळी एकच नाकपुडी, तीही हळू शिंकरायची. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून येऊ द्यायची.