मोबाईलवर कामाचे कपडे व चामडी पिशवी मागविताना



उसाच्या पात्याची कड करवतीसारखी, त्यात देठाची कूस. पाचट काढताना व तोडणीत उघडे हात-पाय चिरटतातच. त्यासाठी पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा व तशीच विजार हवी. हल्ली पुष्कळजण हा माल मोबाईलवर मागवितात. हरकत नाही, पण चित्राला भुलू नये. खालची माहिती वाचूनच मागवावा.

१) कापड : एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन म्हणजे 'जीएसएम'. आकडा मोठा तितके कापड जाड. विजारीस २५० च्या आसपासचे ड्रील टिकते. सदरा त्याहून हलका घ्यावा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात अंगावर ठेववत नाही. निव्वळ पॉलिस्टर घाम टिपत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटते.

२) शिवण व माप : बगल, गुडघा व मांडीच्या जोडावर दुहेरी शिवण आहे का ते पाहावे. अंगाला नीट बसणारा घरचा सदरा टेपने मोजून तक्त्याशी ताडावा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून थोडे सैल घ्यावे.

३) पिशवी : वजनपावत्या, पासबुक ठेवण्यास चामडी पिशवी चांगली. 'पीयू' लिहिले असेल तर ते चामडे नव्हे. खऱ्या चामड्याची आतली बाजू तंतुमय असते, रेक्झिनच्या मागे कापड दिसते. चामडे भिजल्यास सावलीत वाळवावे, नाहीतर बुरशी धरते. पाणी देताना नेण्यास कॅनव्हासची पिशवी स्वस्त व सोयीची.

४) भाव : सोलापूर चादरी-टॉवेलसाठी प्रसिद्ध आहेच, गणवेशाच्या शिलाईचाही तेथे मोठा धंदा आहे. वळसंगहून बाजाराला गेलात की कापड हाताने चाचपून भाव विचारा, मग पोचविण्याचा खर्च धरून मोबाईलवरचा भाव ताडून पाहा.

५) पैसा : शक्यतो माल हाती आल्यावर पैसे द्यावेत. यूपीआयवर पैसे घेण्यास पिन लागत नाही. 'परतावा देतो, पिन टाका' म्हणणारा लुबाडायलाच बसलेला असतो. ज्या खात्यात ऊसबिल जमा होते ते खाते अशा खरेदीस जोडू नये; थोडी रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवून त्यातून व्यवहार करावा. बारा महिने राबून आलेला पैसा एका सदऱ्यापायी जाऊ नये.

६) तक्रार : २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याची माहिती व माल परत घेण्याच्या अटी दाखविणे बंधनकारक आहे. त्या नसतील तेथे खरेदी करू नये. माल खराब निघाल्यास ग्राहक मदत क्रमांक १९१५. पैशाची फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० वर कळवावे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे विक्रेता कोठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणून पावती व माल उघडतानाचे फोटो जपून ठेवावेत.

वाचता न आल्यास घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून अटी वाचून घ्याव्यात व मगच मागणी नोंदवावी.

— ऊस विकास अधिकारी