मुख्य गाठीशेजारची दुसरी गाठ

फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. पण सीटी स्कॅनवर मुख्य गाठीखेरीज आणखी एखादी बारीक गाठ दिसली, की निर्णय अवघड होतो. ती त्याच कर्करोगाची आणि दुसऱ्या फुप्फुसात असेल, तर आजार थेट चौथ्या टप्प्यात गणला जातो.

क्षय सर्रास आढळणाऱ्या आपल्याकडे अशी गाठ जुन्या क्षयाची खूणही असू शकते; आतून पूर्ण चुना साचलेली असेल, तर बहुधा निरुपद्रवीच. काटेरी कडा, वाढता आकार, वय आणि विडी-सिगारेटचे व्यसन मात्र संशय वाढवतात. आठ मिलिमीटरहून लहान गाठीत पेट स्कॅनही फसतो. म्हणून केवळ डाग पाहून शस्त्रक्रिया नाकारू नये; शक्य तिथे तुकडा तपासून घ्यावा.