जपानी ॲपवर कळेल, पण बोलता येईल का?

तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या देगलूरला दुसरी भाषा बोलण्याचं अप्रूप नाही. मदनूरकडचं गिऱ्हाईक आलं की दुकानदार तेलुगूत भाव सांगतो, बिदरकडचं आलं की कन्नडात. त्यासाठी कोणी व्याकरण घोकलेलं नसतं. समोर माणूस उभा असतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. जपानीचं तसं नाही. जपानी गिऱ्हाईक इथे फिरकत नाही, नावाजलेले वर्ग पुण्यात आणि हातात काय, तर मोबाइल. तेवढ्यावर जपानी बोलता येईल का?

प्रश्न हौसेपुरता उरलेला नाही. जानेवारी २०२१मध्ये भारत आणि जपान यांच्यात ‘विशिष्ट कुशल कामगार’ योजनेचा करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी जपानला जायचं, तर कामाच्या कौशल्याबरोबर भाषेची परीक्षाही द्यावी लागते. साधारणपणे जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रवीणता परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा त्यासाठी चालते.

ॲपचं बळ कुठे?

पाठांतरात. हिरागाना आणि काताकाना या लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, शिवाय रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरचिन्हं. एवढा ऐवज डोक्यात ठेवायला ‘अँकी’सारखी ॲप फार उपयोगी पडतात. शब्द विसरायच्या बेतात असला की ती तो पुन्हा पुढे आणतात. शिवाय हवं तितक्या वेळा ऐकवतात आणि कंटाळत नाहीत.

मराठी माणसाला वाक्यरचनाही फार छळत नाही. ‘मी पाणी पितो’ म्हणताना कर्ता, कर्म, क्रियापद हा आपला क्रम जपानीतही तसाच राहतो: ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमास’. ‘टोकियोला’मधल्या ‘ला’सारखा प्रत्यय तिथेही नामामागूनच येतो. बहुतेक ॲप मात्र जपानी इंग्रजीतून समजावतात आणि आपल्याला उगाच वळसा पडतो.

घोडं अडतं कुठे?

उच्चारात एक खाचखळगा आहे. ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी. त्यातला ‘बा’ दुप्पट लांबवला की ती आजी होते. देवनागरीत दोन्ही ‘बा’ सारखेच दिसतात, त्यामुळे वहीत लिहून पाठ करणारा हमखास फसतो. ॲपला तुमचं अपेक्षित वाक्य आधीच ठाऊक असतं. आवाज त्याच्या जवळपास गेला, तरी ते हिरवी खूण देऊन मोकळं होतं. ऐकणारा माणूस मात्र गोंधळतो.

त्याहून मोठी अडचण उलट प्रश्नाची. दुकानात ‘कोरे ओ कुदासाइ’, म्हणजे ‘हे द्या’, इथपर्यंत तयारी झालेली असते. पण जपानमध्ये जुलै २०२०पासून प्लास्टिक पिशवीचे पैसे घेणं सक्तीचं झालं, त्यामुळे गल्ल्यावरचा माणूस विचारतो, ‘फुकुरो वा गोरियो देस का?’ पिशवी हवी का, एवढंच त्याचं म्हणणं. पण ते आदरार्थी आणि झरझर. धड्यातल्या साध्या वाक्यांवर तयार झालेला कान तिथे गडबडतो. उत्तराला दोन सेकंद उशीर झाला तरी मागची रांग खोळंबते. ही घाई ॲपवर अनुभवायला मिळत नाही. संवाद करणारी नवी ॲप बरीच पुढे गेली आहेत, पण तीही तुमच्या अडखळण्याला सांभाळूनच घेतात.

परीक्षाही ही उणीव उघडी पाडत नाही. जेएलपीटीत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात. तोंडी परीक्षा नसते. जेएफटी-बेसिकमध्येही नसते. त्यामुळे प्रमाणपत्र हाती असलेला मुलगाही मुलाखतीत गप्प बसू शकतो.

गाडीवाटची गोष्ट

ॲपच्या पुढे माणूसच लागतो, याचा मराठवाड्यात एक धडधडीत दाखला आहे. छत्रपती संभाजीनगरपासून (तेव्हाचं औरंगाबाद) सुमारे २५ किलोमीटरवरच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत चौथी ते आठवीच्या मुलांना परकी भाषा निवडायला सांगितली. रोबोटिक्सच्या ओढीने बहुतेकांनी जपानी निवडली. पुस्तक नाही, शिक्षक नाही. शाळेने इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांवर सुरुवात केली. पुढे औरंगाबादच्या एका भाषातज्ज्ञाने २०२०मध्ये विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांना वर्गातलीच मुलं ‘विषय मित्र’ म्हणून शिकवू लागली. म्हणजे सुरुवात ॲपने करून दिली. पण पुढच्या वाटेवर आधी शिक्षक लागला आणि मग सोबती.

देगलूरच्या मुलाने हाच क्रम धरावा. लिपी आणि शब्द ॲपवर करावेत. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक आवाजासह फुकट उतरवून घेता येतं. त्यातली वाक्यं मोठ्याने म्हणावीत, स्वतःचा आवाज मोबाइलमध्ये भरून मूळ आवाजाशी ताडून पाहावा. पहिली पन्नासेक वाक्यं बसली की लगेच, एन-५ या सर्वांत खालच्या पातळीचीही वाट न पाहता, आठवड्यातून एकदा तरी शिक्षकाशी व्हिडिओ कॉलवर बोलावं. गावातलाच आणखी कोणी शिकत असेल, तर त्याच्याशी रोज दहा मिनिटं फक्त जपानीत बोलायचं ठरवावं. ॲपची वर्षाची वर्गणी भरण्याआधी त्या पैशात शिक्षकाचे किती तास बसतात, याचा हिशेब मात्र जरूर करावा.