सर्दी-फ्लूचा हंगाम: दुखणे अंगावर काढू नका, दुसऱ्याला देऊ नका

आपल्याकडे फ्लूचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात: पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. वस्तीत काम करताना या दिवसांत आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "साधा ताप आहे, त्यासाठी काम कशाला थांबवायचे?" याच विचाराने आजार एका घरातून गल्लीभर पसरतो.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. खोकताना, शिंकताना, बोलतानाही बारीक थेंब हवेत जातात आणि बंद खोलीत साचतात. फ्लू झालेली व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस इतरांना लागण करू शकते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहत असतील, तर "ज्याची त्याची प्रतिकारशक्ती" म्हणून भागत नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या साथीने तरुणांनाही सोडले नाही.

रोजच्या सवयी

हवा खेळती ठेवा. अभ्यासिका, वसतिगृहाची खोली, विहारातली बैठक, कुठेही असा, समोरासमोरच्या खिडक्या-दारे उघडा.

हात धुवा. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, नाक शिंकरल्यावर साबणाने किमान २० सेकंद.

खोकताना रुमाल किंवा कोपर तोंडापुढे धरा. सर्दी असेल तर मास्क लावा. ताप गेल्यावर, तोही गोळीशिवाय, किमान २४ तास घरीच थांबा.

झोप मोडू नका. परीक्षा असो वा कार्यक्रमाची तयारी, जागरणाने शरीर थकते. विडी-सिगारेटचा धूर फुफ्फुसे कमजोर करतो, घरातल्या लहान मुलांचीही.

मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. ही औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. विनाकारण घेतल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

६५ वर्षांवरील ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. विषाणू बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात.

दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, ताप उतरून पुन्हा चढणे, बाळाने दूध न पिणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

खाड्याचा प्रश्न

"घरी आराम करा" हे सांगणे सोपे आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा, नाक्यावरच्या मजुराचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. त्यांना आजारपणाची पगारी रजा नाही. म्हणून ते दुखणे अंगावर काढतात. यात दोष त्यांच्या सवयीचा नाही, कामाच्या अटींचा आहे. ती मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

तोवर युवक मंडळे एवढे नक्की करू शकतात: एकटे राहणारे ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे असलेली घरे यांची यादी करा. आशाताईंचा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर प्रत्येक घरी पोहोचवा. आजारी घरी दोन-तीन दिवस डबा आणि किराणा देण्याची पाळी लावा. पोटाची काळजी मिटली, की माणूस घरी थांबतो.