डोंगराचा फोटो: रंग ठेवायचा की काढायचा?

ट्रेकवरून परतताना एसटीत किंवा लोकलमध्ये बसून आपण सगळेच एक काम करतो. गॅलरी उघडायची, डोंगराचा एखादा फोटो घ्यायचा, फिल्टरच्या पट्टीवर बोट सरकवत 'मोनो'पर्यंत जायचं, "अरे, भारी दिसतोय" म्हणायचं आणि स्टोरीला टाकायचं. आजचा भाग त्या बोट सरकवण्याबद्दल आहे. म्हणजे ते कधी करायचं, कधी नाही आणि केल्यावर फोटोत नेमकं काय होतं.

आधी थोडं यंत्राचं बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या फोनचा सेन्सर मुळात रंगांधळा असतो. त्याला फक्त उजेड किती पडला एवढंच कळतं. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या बारीक काचांची चौकट बसवलेली असते, त्यातून फोन रंगाचा हिशोब लावतो. या चौकटीत निम्म्या काचा हिरव्या असतात आणि उरलेल्या निम्म्यात लाल-निळ्या वाटून. हिरवा एवढा लाडका का? तर आपल्या डोळ्यालाही हिरव्या उजेडातला फरक सगळ्यात चांगला कळतो.

आता फोटो कृष्णधवल करताना या तीन रंगांचा मिळून एकच राखाडी करायचा असतो. जुन्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेलं एक ठरलेलं प्रमाण आहे: साधारण 59 टक्के हिरवा, 30 टक्के लाल, 11 टक्के निळा. ॲपनुसार थोडं इकडेतिकडे होतं, पण तत्त्व हेच. याचा अर्थ असा, की दोन पूर्ण वेगळे रंग राखाडीत एकसारखे दिसू शकतात. आणि इथेच आपल्या सह्याद्रीत गोची होते.

कासचं पठार घ्या. सप्टेंबरमध्ये तेरडा फुललेला असतो, गुलाबी-जांभळट रंगाचे सडेच्या सडे आणि मध्ये हिरवं गवत. डोळ्याला केवढा फरक! पण तो फरक रंगाचा आहे, उजेडाचा नाही. तेरड्याचा गुलाबी आणि गवताचा हिरवा यांचा उजळपणा बऱ्याचदा जवळपास सारखा असतो. साधा मोनो फिल्टर मारला, की फुलं गवतात विरघळून जातात आणि हातात राहतं एक राखाडी मैदान. त्याच पठारावर सोनकी असेल तर गोष्ट वेगळी. पिवळा रंग मुळात उजळ असतो, त्यामुळे सोनकी राखाडीतही चमकते. एकच पठार, एकच दिवस. एक फूल रंग काढल्यावर टिकतं, दुसरं नाहीसं होतं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा: या फोटोत मला जे आवडलंय ते रंगामुळे वेगळं दिसतंय की उजेड-सावलीमुळे? फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळक्या डोंगरावर एकटा पळस पेटलेला असतो. त्याचा रंग काढला तर उरतं काय? एक झाड. धुक्यात कड्याच्या खाली दिसणारं इंद्रवज्र, ते गोल इंद्रधनुष्य, त्याचं तर नाव काढायलाच नको. मोनोत ते फिकट कडं होऊन बसतं.

उलट बाजूही बघा. जुलै-ऑगस्टमधला घाट. सगळं हिरवं, झाडं हिरवी, गवत हिरवं, दगडावरचं शेवाळं हिरवं आणि फोन आपणहून त्यात अजून थोडा हिरवा ओततो. अशा फोटोत रंग खरं तर काहीच सांगत नसतो, तो फक्त ओरडत असतो. आपल्या बेसाल्टचे आडवे थर, त्यांवरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा, ओला काळा दगड, हे सगळं त्या हिरव्याखाली झाकलं जातं. इथे रंग काढला की डोंगराची हाडं दिसतात. माझं मत विचाराल तर भर पावसातले बरेच फोटो कृष्णधवलमध्ये जास्त पावसाळी वाटतात. अट एकच, की उजेडात कुठेतरी फरक हवा. सपाट ढगाळ उजेडातलं नुसतं गवत कुठल्याच फिल्टरने जिवंत होत नाही.

उजेडाची गंमत हरिश्चंद्रगडावर फार छान कळते. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी तो सावलीत असतो. दुपार कलायला लागते तेव्हा ऊन कड्याला घासून खाली उतरतं, आणि प्रत्येक कपारीची, प्रत्येक थराची सावली पडते. आपण सगळे 'गोल्डन अवर'च्या नादात या वेळी टपरीवर भजी खात बसलेलो असतो, पण कृष्णधवल फोटोसाठी ही वेळ सोन्यासारखी. सूर्यास्ताला मात्र ऊन कड्यावर समोरून पडतं. सावल्या जवळपास पुसल्या जातात आणि दगड तांबूस सोनेरी होतो. तेव्हा मोनो केलात तर कडा चपटा दिसेल, कारण त्या वेळी कड्याचं सगळं सौंदर्य रंगातच असतं. म्हणजे तिथे रंगाचा निर्णय तुमच्या आवडीआधी घड्याळ घेतं.

आता आकाश. 1927 मध्ये अमेरिकेच्या योसेमिटीत अ‍ॅन्सल ॲडम्स हा पंचविशीतला फोटोग्राफर हाफ डोम नावाच्या प्रचंड कातळाचा फोटो काढत होता. काचेच्या प्लेटांचा काळ, प्लेटा संपत आलेल्या. आधी त्याने पिवळा फिल्टर लावून एक फोटो घेतला. मग लक्षात आलं, की समोर उभं राहून मनात जे दाटतंय ते या फोटोत येणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, त्यामुळे निळं आकाश जवळजवळ काळं झालं आणि कातळ अंगावर आल्यासारखा उभा राहिला. फोटो काढण्याआधीच तो शेवटी कसा दिसणार हे मनात बघायचं, ही त्याची पुढची सगळी शिकवण इथून वाढली.

हे आज तुमच्या खिशात आहे. स्नॅपसीडमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट' टूल आहे, त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे कलर फिल्टर मिळतात. लाइटरूमच्या मोबाइल ॲपमध्ये फोटो बी अँड डब्ल्यू केला, की आठ रंगांच्या वेगवेगळ्या पट्ट्या येतात. कुठला रंग राखाडीत किती उजळ करायचा ते तुम्ही ठरवायचं. आता परत कासला या. हिरवा फिल्टर लावलात तर गवत उजळतं आणि तेरडा गडद होतो. लाल लावलात तर उलटं, गडद गवतावर फुलं उजळ. विरघळलेली फुलं परत आली! म्हणजे कृष्णधवल करणं म्हणजे रंग फेकून देणं नाही. रंग आतून काम करतच असतात.

पण लाल फिल्टर म्हणजे जादू नाही. ऑक्टोबरमधल्या निळ्या आकाशावर, पांढऱ्या ढगांवर तो कमाल करतो. लांबच्या डोंगररांगांवर जो निळसर पडदा दिसतो तोही थोडा कापतो, कारण तो पडदा हवेत विखुरलेल्या निळ्या उजेडाचा असतो. पावसाळी धुकं मात्र पाण्याच्या थेंबांचं. ते सगळे रंग सारखेच पसरवतं, म्हणून तर पांढरं दिसतं. त्याच्यापुढे लाल फिल्टरची डाळ शिजत नाही. पांढऱ्या आकाशात निळा नसेल तर काळं काय करणार?

एक तांत्रिक सूचना पटकन. मूळ फोटो रंगीतच काढा, फोनमध्ये रॉ किंवा डीएनजीची सोय असेल तर ती वापरा. जेपेग फाइल प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्याच ठेवते, आणि रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाव्याने साठवते. त्यामुळे जेपेगमधलं निळं आकाश जोरात काळं केलं, की डाग येतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. तसं झालं तर पट्टी थोडी मागे घ्या.

आता जरा अवघड भाग. आत्तापर्यंत आपण चांगलं काय दिसेल ते बोललो. पण खरं काय दिसेल?

इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ आहे. उजनी धरण झालं आणि ते भीमेच्या फुगवट्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की देऊळ बाहेर येतं आणि मग फोन घेऊन लोक पोचतात. या देवळाचा कृष्णधवल फोटो हमखास देखणा येतो. चिखलाच्या भेगांची नक्षी, दगडी शिखर, मागे रिकामं आकाश. हजार वर्षांपूर्वीचा वाटावा असा. आणि अडचण नेमकी तीच आहे. रंग काढला की फोटोतून साल निघून जातं. रंगीत फोटोत दगडावरची पाण्याची रेघ दिसते, गाळाचा रंग दिसतो, लांब कुठेतरी निळा पाइप किंवा प्लॅस्टिकची घागर दिसते. म्हणजे हे याच वर्षी, याच मे महिन्यात घडतंय. इथे गाव होतं, ते उठलं, आणि आज काठावरचे लोक पाणी किती खाली गेलंय ते मोजतायत. कृष्णधवल फोटो म्हणतो, "किती प्राचीन!" रंगीत फोटो म्हणतो, "किती पाणी उरलंय?"

दोन्ही फोटो खोटे नाहीत. देवळाच्या शिल्पाबद्दल बोलायचं असेल तर खुशाल रंग काढा. पण "पाणी आटलंय" अशी कॅप्शन टाकणार असाल तर रंग ठेवा, असं मी ठामपणे म्हणेन. दुष्काळाला नक्षी करून टाकणं फार सोपं असतं.

रघुवीर सिंग या फोटोग्राफरने तर हा वाद आयुष्यभर घातला. जयपूरचा माणूस, 1942 मध्ये जन्म, 1999 मध्ये न्यूयॉर्कला निधन. गंभीर फोटोग्राफी म्हणजे काळी-पांढरी, असं जग मानत होतं त्या काळात त्याने गंगा, राजस्थान, मुंबई सगळं रंगीतच टिपलं. 'रिव्हर ऑफ कलर' या पुस्तकात त्याची मांडणी साधारण अशी आहे, की भारतीय नजर रंगातूनच विचार करते आणि कृष्णधवलचा उदास परकेपणा पश्चिमेकडून आलेला आहे. मला हे पूर्ण पटत नाही, श्रावणातला काळाकुट्ट कडा मला परका वाटत नाही. पण "रंगीत म्हणजे हलकं, मोनो म्हणजे आर्ट" हा आपल्या डोक्यातला समज झटकायला त्याचे फोटो जरूर बघा.

शेवटी, सराव कसा करायचा? फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. अँड्रॉइडवर कलर करेक्शन, आयफोनवर कलर फिल्टर्स, आणि त्यात ग्रेस्केल. आता सगळा स्क्रीन राखाडी होईल. कॅमेरा उघडा, समोरचा डोंगर राखाडीत दिसेल, पण फोटो सेव्ह होईल रंगीतच, कारण बदल फक्त स्क्रीनवर आहे. एक अख्खी सकाळ अशी काढा. घरी येऊन ग्रेस्केल बंद करा आणि फोटो बघा. काही फोटोंत रंग आल्यावर तुम्ही दचकाल, "अरे, हे एवढं लाल होतं?" ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. काहींत रंग आल्यावर काहीच फरक पडणार नाही, त्यांच्यावर आज सांगितलेले फिल्टर चालवून बघा.

चला, बॅटरी चार्ज करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!