बारा हायस्कुलांचं गाव

डॅलसच्या उत्तरेला घर बघायला निघालेल्या मराठी जोडप्याचा एजंटला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘फ्रिस्को आयएसडीत येतं ना?’ किंमत, खोल्या, दार पूर्वेला आहे की नाही, हे सगळं त्यानंतर. एजंटही मुरलेला असतो. घराच्या जाहिरातीत स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या आधी त्याने शाळांची नावं टाकलेली असतात.

आयएसडी म्हणजे इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट. आपल्याकडे शाळा जिल्हा परिषदेची असते, महापालिकेची असते, नाहीतर कुठल्या तरी शिक्षण संस्थेची. टेक्सासमध्ये शाळा चालवणारी ही वेगळीच स्थानिक सत्ता आहे आणि राज्यात अशा हजारावर आहेत. नगरपालिकेच्या अखत्यारीत त्या येत नाहीत. त्यांची हद्द वेगळी, घरपट्टीतला हिस्सा वेगळा, कर्ज वेगळं. सात विश्वस्तांचं मंडळ लोक निवडून देतात; विश्वस्तांना पगार नसतो, शिव्या मात्र भरपूर मिळतात. शाळेला फी नाही, फक्त घर हद्दीत हवं. आणि ही हद्द गावाच्या शिवेशी जुळत नाही. पत्ता फ्रिस्कोचा असूनही काही मुलं प्रॉस्पर किंवा लिटल एल्मच्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात, तर प्लेनो आणि मॅकिनीतली काही घरं फ्रिस्को आयएसडीत मोडतात. म्हणून तो पहिला प्रश्न.

गाव रेल्वेने वसवलं. १९०२ मध्ये सेंट लुइस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेची गाडी इथे आली. त्या कंपनीला लोक फ्रिस्को म्हणत, तेच नाव गावाला पडलं. कंपनीचं बोधचिन्ह ताणून सुकवलेल्या रकूनच्या कातड्याच्या आकाराचं होतं, आणि फ्रिस्को हायस्कूलचे संघ आजही ‘रकून्स’ म्हणूनच मैदानात उतरतात. १९९० मध्ये गावाची वस्ती जेमतेम ६ हजार होती. २००० मध्ये ती ३३,७१४ झाली, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २ लाखांच्या वर गेली. शाळांचा पटही तसाच फुगला. २००० च्या सुमारास सगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये मिळून ७ हजारांच्या आसपास मुलं होती, दहा वर्षांनी ३७ हजार, आणि २०२२-२३ मध्ये ६७ हजारांच्या घरात.

एवढी मुलं कुठे बसवायची? २००३ पर्यंत गावात हायस्कूल एकच होतं. शेजारच्या ॲलन गावासमोरही हाच प्रश्न होता. त्यांनी ठरवलं की हायस्कूल एकच ठेवायचं आणि तेच वाढवत न्यायचं. नववी धरून तिथला पट ७ हजारांच्या घरात गेला. २०१२ मध्ये त्या एका शाळेसाठी ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार आसनांचं फुटबॉल स्टेडियम उभं राहिलं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि दुरुस्तीसाठी ते बंद ठेवावं लागलं, हा भाग वेगळा. पण शुक्रवारी रात्री अख्खं गाव एकाच संघासाठी ओरडतं, याचा ॲलनकरांना अभिमान आहे.

फ्रिस्कोने नेमकं उलट केलं. हायस्कूल साधारण २,१०० मुलांचं ठेवायचं, ते भरलं की दुसरं बांधायचं. ‘प्रत्येक मूल नावाने आणि गरजेने ठाऊक असावं’ हे डिस्ट्रिक्टचं ब्रीद आहे, आणि सुपरिंटेंडंट रिक रीडी यांच्या काळात ते विटा-सिमेंटमध्ये उतरलं. २००३ मध्ये सेंटेनियल उघडलं. मग वेकलंड, लिबर्टी, हेरिटेज, लोन स्टार. २०१४ मध्ये इंडिपेंडन्स, २०१५ मध्ये खुद्द रीडींच्या नावाचं हायस्कूल, २०१६ मध्ये लेबनॉन ट्रेल : तीन वर्षांत तीन. त्यानंतर मेमोरियल, एमर्सन, आणि २०२२ मध्ये पँथर क्रीक. पहिलं धरून बारा. प्राथमिक आणि मिडल मिळवल्या तर सत्तरहून जास्त शाळा.

या हिशोबात एक शहाणपण आहे आणि मला ते पटतं. ७ हजार मुलांच्या शाळेत बास्केटबॉलचा पहिला संघ एकच असतो. बारा शाळांत बारा संघ, बारा बँड, नाटकात बारा नायिका, डिबेटचे बारा कप्तान. मध्यम उंचीच्या, मध्यम वेगाच्या मुलालाही कुठेतरी जर्सी मिळते. खर्चही अर्थात बारा ठिकाणी होतो. फुटबॉल हा टेक्सासचा धर्म असला तरी मैदान प्रत्येक शाळेला स्वतंत्र दिलेलं नाही, ती वाटून घेतात. त्यातलं एक तर डॅलस काउबॉइजच्या २०१६ मध्ये उघडलेल्या मुख्यालयातलं १२ हजार आसनांचं बंदिस्त फोर्ड सेंटर आहे. त्याच्या बांधणीत शहराबरोबर डिस्ट्रिक्टनेही पैसे घातले. व्यावसायिक संघाच्या सरावाच्या जागेत शाळकरी पोरं सामने खेळतात.

पण नवी शाळा उघडली की नकाशा पुन्हा आखावा लागतो. इथे त्याला ‘रीझोनिंग’ म्हणतात, आणि मंडळाच्या ज्या बैठकीत तो विषय असतो तिथे उभं राहायला जागा नसते. एका वसाहतीतली मुलं एका शाळेतून उचलून दुसरीत जातात. मोठी लेबनॉन ट्रेलला, धाकटा आणखी कुठे, असं होऊ नये म्हणून पालक माइकवर दोन-दोन मिनिटं बोलतात. आपण घर घेताना शाळाही विकत घेतली, अशी प्रत्येकाची समजूत असते. कायद्याने तसं काही नसतं.

इमारतींचा पैसा कर्जरोख्यांतून येतो, त्यासाठी मतदारांचा कौल लागतो. २०१४ मध्ये लोकांनी ७७ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. टेक्सासमध्ये शाळेच्या कराचे दोन भाग असतात : एक चालू खर्चाचा, दुसरा इमारतींच्या कर्जफेडीचा. दुसऱ्या भागातून शिक्षकाचा पगार देता येत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये चालू खर्चाचा कर वाढवू द्या, म्हणून डिस्ट्रिक्टने पुन्हा मतदान घेतलं आणि लोकांनी सरळ नकार दिला. भिंती उभ्या होत्या, पण त्यांच्यात शिकवायला पैसे नव्हते. काही नव्या शाळा उशिराने उघडाव्या लागल्या. दोन वर्षांनी त्याच मतदारांनी करवाढही दिली आणि ६९ कोटी १० लाखांचे नवे रोखेही दिले.

आता ही मुलं कुणाची, ते बघू. १९९० च्या दशकात इथे येणारी कुटुंबं बहुतेक गोरी होती, डॅलसच्या गर्दीतून निघून मोठं आवार आणि चांगली शाळा शोधणारी. पण रिचर्डसनच्या पट्ट्यात टेलिकॉम कंपन्या होत्या, प्लेनोत ईडीएससारखी संगणक-सेवेची जुनी मोठी कंपनी होती, आणि २०१७ मध्ये टोयोटाने उत्तर अमेरिकेचं मुख्यालय प्लेनोत उघडलं. बँका, विमा कंपन्या मागोमाग आल्या. या सगळ्यांना जी माणसं लागत होती, त्यांतली पुष्कळ हैदराबाद, चेन्नई, पुण्याहून एच-वन-बी व्हिसा घेऊन आली. २०१० च्या जनगणनेत फ्रिस्कोत आशियाई वंशाचे लोक दहा टक्के होते. २०२० मध्ये ते चौथ्या हिश्श्याहून जास्त झाले. शाळेत हा आकडा आणखी वर जातो, कारण आलेली कुटुंबं तरुण होती. आज डिस्ट्रिक्टमध्ये आशियाई विद्यार्थी हा सगळ्यांत मोठा गट आहे, ४० टक्क्यांच्या वर.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये हा बदल जवळून दिसतो. प्रत्येक नव्या मुलाच्या पालकाला राज्याची ‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाची प्रश्नावली भरावी लागते : घरात बहुतेक वेळ कोणती भाषा वापरली जाते, मूल बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतं. उत्तर इंग्रजीखेरीज काही असलं की चार आठवड्यांच्या आत मुलाची इंग्रजीची परीक्षा होते. तीत ते कमी पडलं तर वेगळ्या मदतीचे तास, आणि दर वसंतात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं तपासणारी आणखी एक परीक्षा. ही बातमी व्हॉट्सॲपवर आधीच पोचलेली असते. मग घरी ‘अरे, जेवायला चल’शिवाय दुसरी भाषा न बोलणारे आई-बाबा कागदावर ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. काही प्रामाणिकपणे ‘मराठी’ लिहितात. सरकारी आकड्यांत आपली भाषा दिसते त्यापेक्षा घराघरांत जास्त आहे, असं मला वाटतं ते यामुळे. शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत तेच आई-बाबा त्याच मुलाला बाराखडी गिरवायला आणून बसवतात. २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसला झालं, यावरून इथल्या मराठी वस्तीचा अंदाज यावा.

जुन्या-नव्याची खडाखडी झालीच नाही, असं नाही. लिबर्टी हायस्कूलमध्ये एक रिकामी खोली मुलांना प्रार्थनेसाठी वापरू देत असत. मुसलमान मुलं शुक्रवारी तिथे नमाज पढत. २०१७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने, ही खोली इतर धर्मीयांना बंद तर नाही ना, असं पत्र डिस्ट्रिक्टला लिहिलं आणि त्याच वेळी वृत्तपत्रांनाही कळवलं. तेव्हाचे सुपरिंटेंडंट जेरेमी लायन यांनी उत्तर धाडलं की खोली सगळ्यांना खुली आहे आणि हा प्रसिद्धीचा खटाटोप दिसतो. २०२० मध्ये गोपाल पोनंगी विश्वस्त म्हणून निवडून आले. एव्हाना त्यात आश्चर्य वाटण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक मेळाव्याच्या, आठवड्यात फ्रिस्कोच्या हायस्कुलांत गेलात तर वेगळंच दृश्य दिसेल. पोरींच्या छातीवर ‘मम’ लटकत असतं : थाळीएवढं खोटं पांढरं शेवंतीचं फूल, शाळेच्या रंगांच्या गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या फिती, त्यांत घुंगरांएवढ्या घंटा, चमकीने लिहिलेलं नाव, मधोमध बसवलेलं छोटं अस्वल. ही अस्सल टेक्सासी रीत. आता ती फुलं रात्री जागून, गरम गोंदाची बंदूक हातात धरून चिकटवणाऱ्यांत औंध-बाणेरच्या आया आहेत. गौरीच्या आराशीचा हात इथे उपयोगी पडतो.

या आनंदाखाली एक जीवघेणा हिशोब चालू असतो, तो क्रमांकाचा. टेक्सासने १९९७ मध्ये कायदा केला की कोणत्याही सरकारी हायस्कूलमधल्या पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश. खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांना न्याय मिळावा, हा हेतू. ऑस्टिनच्या विद्यापीठाला इतकी मुलं झेपेनात, म्हणून तिथली मर्यादा घटत गेली. २०२६ च्या प्रवेशासाठी ती पाच टक्क्यांवर आली. आता ५०० मुलांच्या वर्गात पाच टक्के म्हणजे २५. फ्रिस्कोच्या एखाद्या हायस्कूलमध्ये गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलं यापेक्षा जास्त निघतात. डिस्ट्रिक्टच्या गुणश्रेणीत अवघड विषयांना सहाच्या पट्टीवर गुण आहेत, त्यामुळे बँड किंवा चित्रकलेचा तास घेतला तर सरासरी घसरते, असा पालकांचा ठोकताळा आहे. मोठ्या पगारवाले इंजिनिअर रात्री एक्सेल उघडून बसतात : कोणत्या शाळेच्या हद्दीत स्पर्धा जरा कमी असेल? ज्या शाळेसाठी घर घेतलं, तिच्या चांगुलपणाचाच आता त्रास होतो. त्यात वडील अजून एच-वन-बीवर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असले, तर एकविसाव्या वर्षी मुलाचा अवलंबिताचा व्हिसा संपणार, हे वेगळंच.

आणि आता वाढ थांबली आहे. ६७ हजारांचा पट गेल्या काही वर्षांत खाली येऊ लागला. मंडळाने स्टेली मिडल स्कूल २०२४-२५ चं वर्ष संपताना बंद केलं. ही शाळा जुन्या फ्रिस्कोतली, गाव लहान असतानाची. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. शाळा चांगली म्हणून घरं महाग झाली. मुलं कॉलेजात गेली तरी आई-बाप घर विकत नाहीत. कमी व्याजाचं कर्ज सोडून कोण उठेल? रिकामं झालेलं एखादं घर तिशीतल्या जोडप्याला परवडत नाही. ते आणखी उत्तरेला प्रॉस्पर, सेलिनाकडे जातं, जिथे अजून मळे आहेत आणि बिल्डरचे झेंडे फडफडताहेत. प्लेनोने हे आधी भोगलं आहे. एके काळी तोच डॅलसचा सर्वांत हवाहवासा डिस्ट्रिक्ट होता. २०२४ मध्ये त्यांच्या मंडळाने एका झटक्यात चार शाळा बंद करायचा ठराव केला.

मुलं घटली की पैसा घटतो, तोही अटीसकट. टेक्सासने मुलामागे द्यायची मूळ रक्कम २०१९ मध्ये ६,१६० डॉलर ठरवली. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली, तरी ती २०२५ पर्यंत जागची हलली नाही. त्या वर्षी विधिमंडळाने तीत ५५ डॉलर वाढवले. तीही पटावरच्या मुलामागे मिळत नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळते. नाव घातलेलं मूल त्या दिवशी वर्गात नसेल, तर त्याचे पैसे नाहीत. नाताळाची सुट्टी दोन आठवड्यांची, पण त्यात भारताचं तिकीट दुपटीने महाग. शिवाय मामेभावाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणून पुष्कळ घरं दहा दिवस आधीच निघतात. हजेरी पाळण्याबद्दल शाळेची ईमेल येते तेव्हा मंडळी डॅलसच्या विमानतळावर बॅगा वजनात बसवायच्या खटपटीत असतात.