शेजारच्या घरी ताट पाठवताना

ईद जवळ आली की आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो. शेजारच्या चाचींकडून दरवर्षी शीरखुर्मा येतो, आता आपल्याकडून काय पाठवायचे? घरधनी म्हणतात, मिठाईचा पुडा द्या. मुलगी म्हणते, केक आणू. सासूबाई म्हणतात, आपल्या हातच्या पुरणपोळ्या पाठवा. मग कोणीतरी हळूच म्हणते, "त्यांना आपल्या घरचे चालते की नाही, कोण जाणे!" आणि विषय तिथेच थांबतो. चाचींचे भांडे धुऊन, पुसून रिकामेच परत जाते. भांडे रिकामे परत करू नये ही आपल्या आयाबायांची शिकवण, पण शंकेपायी ती मोडते.

खान्देशात आपली आणि मुस्लिम कुटुंबांची सोबत जुनी आहे. जळगावच्या डाळ मिला, भुसावळची रेल्वे, धुळ्याचे यंत्रमाग, एस. टी.चे आगार, बाजार समितीतली हमाली, अशा ठिकाणी दोघांचे घाम गाळणे एकत्रच चालते. डबे शेजारी शेजारी उघडतात. मुले एका शाळेत जातात. एवढे असूनही एकमेकांच्या ताटाविषयी आपण मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

आजच्या दिवसांत हा विषय फक्त स्वयंपाकघराचा राहिलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातले एक वृद्ध मुस्लिम गृहस्थ धुळे-मुंबई एक्स्प्रेसने कल्याणला लेकीकडे निघाले होते. बरोबर बरण्यांत मांस होते. गोमांस असल्याचा संशय घेऊन डब्यातल्या तरुणांनी त्यांना घेरले, शिवीगाळ केली, मारले आणि त्याचे चित्रीकरणही केले. ते म्हशीचे मांस असल्याचे गृहस्थ सांगत होते. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीच्या मांसावर ती नाही. पण ऐकतो कोण? चित्रफीत सगळीकडे फिरली, तेव्हा रेल्वे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. बाप लेकीसाठी खायला घेऊन जातो आणि त्याला भर गाडीत बरणी उघडून जाब द्यावा लागतो. ही बातमी वाचताना आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा जाच आपल्या पिढ्यांनी पुरेपूर भोगला आहे.

म्हणूनच दुसऱ्याच्या ताटाविषयी कसे विचारावे, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवे. मराठीत दोन शब्द आहेत, चौकशी आणि विचारपूस. रेल्वेच्या डब्यात झाली ती चौकशी. "भाभी, ईदला काय पाठवू? घरात सगळ्यांना काय आवडेल?" ही विचारपूस. भेट देण्याआधी विचारपूस केली तर निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

नुसते प्रेम पुरत नाही, याचे एक उदाहरण आपल्या चाळीसगावचेच आहे. 1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याकडचे काम आटोपून परतताना चाळीसगावला उतरले. तिथल्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. पण त्यांना टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे लोकांना बरे वाटेना. शेवटी टांगा तेवढा भाड्याने मिळाला आणि तो हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला. त्याला सवय नव्हती. वाटेत मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांच्या पायाला जबर दुखापत झाली. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे. टांगेवाल्यांच्या विटाळाचा तो दाखला आहेच. पण लोकांनी आपला मान राखायचे पाहिले आणि पाहुण्याच्या सुरक्षिततेचे भान त्यांना राहिले नाही, हेही बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले. भेटवस्तूचे असेच असते. देणाऱ्याची हौस किती, यापेक्षा घेणाऱ्याला ती सुखाने खाता येते का, हे आधी पाहावे लागते.

मनाई कशाला आहे?

मुस्लिमांचे खाण्याचे नियम फार अवघड आहेत असा एक समज आहे. मुळात ते थोडे आणि स्पष्ट आहेत. कुराणात चार गोष्टींना मनाई सांगितली आहे : आपोआप मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाच्या नावाने अर्पण केलेले. दारूला वेगळी मनाई आहे. चालणाऱ्या जनावराचेही मांस अल्लाहचे नाव घेऊन, गळ्याची नस कापून, रक्त वाहू देऊन काढलेले असावे लागते. त्यालाच हलाल म्हणतात. मासळीला असे कापण्याची अट नाही. धान्य, डाळी, भाज्या, फळे, दूध, तूप, गूळ, साखर, सुकामेवा हे सगळे चालते. म्हणजे गरिबाच्या घरातून सहज देता येईल अशा बहुतेक वस्तूंना काहीच आडकाठी नाही.

दारूच्या बाबतीत तर आपला आणि त्यांचा नियम एकच आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा केक किंवा चॉकलेट घेताना त्यात रम वगैरे नाही ना, हे दुकानदाराला विचारायला संकोच कशाला?

पुडा घेताना

पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात मांस, अंडे किंवा जनावराची चरबी नाही एवढे समजते. दूध असू शकते, त्याला हरकत नाही. मात्र तो ठिपका दारूच्या अंशाबद्दल काही सांगत नाही, म्हणून घटकांची यादी वाचावी. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता तपकिरी त्रिकोण असतो. जेली, मऊ गोळ्या, काही पुडिंग यांत जिलेटीन असते. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, डुकराच्याही. अशा वस्तूवर तपकिरी खूण दिसली की ती मुलांना कितीही आवडो, बाजूला ठेवावी. हलालचा शिक्का असलेले पाकीट मिळाले तर घ्यावे, पण केळी, खजूर, शेंगदाणे यांना शिक्का लागत नाही.

घरचे देताना

आपल्या बायाबापड्या उन्हाळ्यात वाळवणे घालतात. शेवया, कुरडया, ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड यांनी डबे भरतात. यापेक्षा चांगली भेट बाजारात मिळणार नाही. शेवया तर ईदच्याच कामाच्या. शीरखुर्म्यातले शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, पण शेवयांवाचून तो होत नाही. मात्र ईदच्या सकाळी शेवया नेऊन उपयोग नाही. त्या घरची खरेदी चाँदरातीपर्यंत आटोपलेली असते. आठ-दहा दिवस आधी द्याव्यात. कोरड्या वस्तूंचा आणखी एक फायदा असा, की त्या घराला लगेच खाण्याची घाई नसते.

शिजवलेले द्यायचे तर थोडा विचार करावा. आपल्यातल्या काही घरांत डुकराचे मांस शिजते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, ज्याचे अन्न त्याच्या मालकीचे. पण तीच पातेली, तोच पळा, तेच तळणीचे तेल वापरून केलेला पदार्थ मुस्लिम घरी पाठवू नये. त्यांना कळले नाही तरी आपल्याला माहीत असतेच. अशा वेळी फळे किंवा बंद पाकीट द्यावे.

मटणाचे काय? "आम्ही मटण मुस्लिम खाटकाकडूनच आणतो, मग काय हरकत?" असे पुष्कळजण म्हणतात. म्हणणे बरोबर आहे, पण ते खाणाऱ्याला ठाऊक नसते. शिजवण्याआधीच सांगावे, "भाई, मटण तुमच्याच दुकानाचे आहे, भांडी स्वच्छ आहेत, चालेल का?" ते हो म्हणाले तर आनंद. नको म्हणाले तर खान्देशी भरीत, कळण्याच्या पुऱ्या, डाळ-बट्टी आहेच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पाहुणचारात ते कशालाच कमी नाही.

वैशाख पौर्णिमेची खीर बऱ्याच घरी बुद्धमूर्तीपुढे ठेवतात. काही मुस्लिम कुटुंबे अशी पुढे ठेवलेली वस्तू घेत नाहीत. त्यांची वाटी आधीच वेगळी काढावी आणि देताना तसे सांगून द्यावे.

रमजानमध्ये

रोजा सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत असतो, पाणीसुद्धा चालत नाही. दुपारी ताट नेऊन "एक घास तरी खा" म्हणणे बरे नव्हे. इफ्तारसाठी द्यायचे ते सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचवावे, म्हणजे त्यांच्या दस्तरखानावर वेळेत मांडता येते. खजूर आणि फळे उत्तम. आपल्या जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीच्या दोन फण्या आणि पाव किलो खजूर ही भेट कोणाच्याही खिशाला झेपते. मुस्लिम वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. तो उन्हाळ्यात आला की टरबूज, खरबूज, लिंबू यांची भेट फार मोलाची होते. घरात मधुमेहाचे म्हातारे माणूस असेल तर मिठाईऐवजी फुटाणे, शेंगदाणे, बदाम द्यावेत.

भेट घराला जाते

कामावरचा एखादा तरुण मुस्लिम मित्र आपल्याबरोबर सगळे खातो, कधी नियम बाजूला ठेवतो. म्हणून "त्याला सगळे चालते" असे धरून त्याच्या घरी काहीही नेऊ नये. भेट त्या एकट्याला नसते, त्याच्या आईच्या हातात जाते. तिच्यासमोर त्याला खाली पाहावे लागेल असे काही बोलूही नये. उलट कोणी आपल्या घरचे शिजवलेले घेतच नसेल, तर तो आपला अपमान समजू नये. नियम पाळण्यात घराघरांत फरक असतो. "एवढ्याने काय होते?" हा आग्रह कोणालाही करू नये.

विटाळ आणि नियम यांत फरक आहे. विटाळ मानणारा माणसाला दूर ठेवतो. नियम पाळणारा एखादा पदार्थ दूर ठेवतो आणि शेजारी बसून बाकीचे खातो. हा फरक ओळखला तर मन दुखावत नाही.

बकरी ईदला कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे करण्याची रीत आहे : घराला, नातेवाईक-स्नेह्यांना आणि गरिबांना. त्यातला वाटा आपल्याकडे आला आणि आपले घर शाकाहारी असेल, तर आपणही मोकळेपणाने सांगावे, "चाची, आमच्याकडे मटण होत नाही, आम्हाला शीरखुर्माच पाठवा." त्या रागावणार नाहीत. नियम सांगण्याचा हक्क दोन्ही घरांना सारखाच असतो.

तेव्हा भगिनींनो, चाचींचे भांडे फळीवर असेल तर ते परत करण्याआधी त्यांच्या दारात जाऊन एकदा विचारा. उत्तर मिळेल त्याप्रमाणे भांडे भरा. घरात काहीच नसेल तर मूठभर शेवयाही पुरतात.